अक्कलदाढ, सुजलेला गाल आणि वर्ध्याची एसटी : तोंडाच्या ऑपरेशनला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

माझी खालची डावी अक्कलदाढ पहिल्यांदा दुखली तेव्हा सोयाबीनची सोंगणी तोंडावर होती. मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या आणल्या, खाल्ल्या, सोंगणी उरकली. दिवाळीत परत ठणकली, परत गोळ्या. जानेवारीत एक दिवस दुखणं आपोआप थांबलं. मी घरी सांगून मोकळा झालो, "दाढ बसली बाप्पा आता." संक्रांत होऊन तीन आठवडे गेले असतील, सकाळी उठलो तर डावा गाल लिंबू ठेवल्यासारखा फुगलेला. तोंड जेमतेम एक बोटभर उघडत होतं. चहा घ्यायला गेलो, तो अर्धा बनियनवर सांडला. आई म्हणाली, "हे काय करून बसला रे बाबू?"

जे काम अर्ध्या दिवसात झालं असतं त्यासाठी पुढे चार फेऱ्या, दोन रात्री दवाखान्यात आणि ऐन कापूस वेचणीत सोबतीला भाऊ अडकलेला. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात. दातांचा मोठा दवाखाना म्हटला की वर्धा नाही तर नागपूर. पहिल्या फेरीत मला कुठल्या खिडकीवर जायचं, कोणता कागद लागतो, उपाशी जायचं की जेवून, काहीच माहीत नव्हतं. म्हणून हे लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. रुग्ण म्हणून जे भोगलं आणि डॉक्टरांना विचारून जे समजून घेतलं तेवढंच यात आहे.

१. ओरल सर्जरी म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे "दातवाला डॉक्टर" हा एकच शब्द सगळ्यांना लागतो. तालुक्याच्या गावी बसणारे बहुतेक डॉक्टर बीडीएस, म्हणजे दातांची पदवी घेतलेले असतात. कीड साफ करून सिमेंट भरणं, रूट कॅनल, हलणारा किंवा सडलेला दात काढणं ही कामं ते करतात, आणि चांगली करतात. त्यासाठी नागपूर गाठायची गरज नाही.

त्याच्या पुढे तीन वर्षं शिकून एमडीएस झालेले, जबडा आणि चेहऱ्याची ऑपरेशनं करणारे ते ओरल सर्जन. पाटीवर "ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन" असं लांबलचक लिहिलेलं असतं. हाडात आडवी अडकलेली अक्कलदाढ, दाताच्या मुळाशी झालेली पाण्याची गाठ, गालात-गळ्याशी उतरलेला पू, मोडलेला जबडा, निखळलेला जबडा, बंद होत चाललेलं तोंड, न भरणारी जखम आणि तिचा तुकडा काढून तपासणं, ही त्यांची कामं. बाळाचा फाटलेला ओठ-टाळूसुद्धा हे सर्जन किंवा प्लास्टिक सर्जन शिवतात. ग्रहणात आईनं विळा धरला म्हणून ओठ फाटला, असं अजूनही गावात बोलतात. त्या बाईला बोल लावण्यात वेळ घालवू नका. ओठाचं ऑपरेशन बाळ तीन ते सहा महिन्यांचं असतानाच होतं, म्हणून जन्मल्याबरोबर दाखवा.

२. कधी जायचं : आज, या आठवड्यात, की सवडीनं

आधी एक गोष्ट, जी मला कोणी वेळेवर सांगितली नाही. दुखणं थांबलं म्हणजे दाढ बरी झाली असं नसतं. कीड दाढेच्या आतल्या नसेला पोचली की दाढ ठणकते. ती नस मेली की ठणका जातो, आणि आपण समजतो सुटलो. आत मेलेल्या नसेत जंतू वाढत राहतात, मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, आणि एक दिवस सूज वर येते. जानेवारीतल्या त्या दिवशी माझी दाढ बसली नव्हती, मेली होती.

आजच, रात्र असली तरी निघायचं ते असं : सूज हनुवटीखाली किंवा गळ्यावर उतरली आहे, घोट गिळता येत नाही, लाळ बाहेर गळते, जीभ वर उचलल्यासारखी वाटते, आवाज बदलला, किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय. डोळ्यापर्यंत चढलेली सूज आणि थंडी वाजून येणारा तापही यातच धरा. गळ्यातली सूज काही तासांत श्वासाची वाट बंद करू शकते. १०८ ला फोन लावा आणि दातांच्या क्लिनिकच्या भानगडीत न पडता थेट जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज गाठा. रुग्णाला आडवं पाडू नका, बसवून न्या.

अपघाताचंही तसंच. गाडीवरून पडलं, बैलानं लाथ मारली, शिंग लागलं, आणि त्यानंतर वरचे-खालचे दात नेहमीसारखे जुळत नाहीत, ओठ-हनुवटी बधिर झाली, तर जबडा मोडला असण्याची दाट शक्यता आहे. शुद्ध हरपली असेल किंवा उलट्या होत असतील तर डोक्याची तपासणी आधी, जबडा नंतर. वाटेत पाण्याशिवाय, आणि तेही डॉक्टरला फोनवर विचारून, पोटात काही देऊ नका. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं असतं.

पोराचा समोरचा पक्का दात मुळासकट निघून पडला तर तो दात शोधा. मुळाला हात न लावता दिसतो त्या भागाला धरा, माती लागली असेल तर पाण्याखाली हलकेच धुवा, घासू नका, आणि वाटीभर दुधात टाकून तासाभराच्या आत दातांच्या डॉक्टरकडे पोचा. दात परत बसू शकतो. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवत नाहीत. आमच्या शाळेत कबड्डीत पडलेला एका पोराचा दात सरांनी कागदात बांधून खिशात ठेवला होता, दुसऱ्या दिवशी दाखवायला. तोवर तो सुकून गेला होता.

या आठवड्यात जायचं ते : दोन-तीन आठवडे होऊनही न भरलेली तोंडातली जखम, गालात किंवा जिभेवर पांढरा वा लाल चट्टा, कारण नसताना हलायला लागलेला दात, गळ्यात लागणारी न दुखणारी गाठ, ओठाला मुंग्या, दात काढलेल्या जागेची न भरणारी खाच. यातलं बरंच काही दुखत नाही, आणि घात तिथेच होतो.

सवडीनं, पण तारीख ठरवून जायचं ते : अर्धवट वर आलेली अक्कलदाढ, जिच्यावरची हिरडी वर्षातून दोन-तीनदा सुजते. हिरडीवरची पुटकुळी, जी फुटते, भरते, परत येते. हाडावर हळूहळू वाढणारा फुगवटा. प्रत्येक अक्कलदाढ काढावी लागते असं मुळीच नाही. सरळ आली, साफ करता येते, त्रास देत नाही, तर राहू द्या. जागा नसेल आणि ती आडवी होऊन शेजारच्या चांगल्या दाढेत घुसत असेल, तर दोन्ही दाढा जायच्या आधी एक काढलेली बरी.

३. खर्रा खाणाऱ्यांनो, हे वेगळं वाचा

दिवसाला तीन पुड्या खाणारा मी तुम्हाला काय शिकवणार! पण ऐका. तर्जनी, मधलं आणि अनामिका ही तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या समोरच्या दातांत घालून पाहा. आपली बोटं, आपलं तोंड. तिन्ही आरामात गेली तर ठीक. दोनच जात असतील तर दवाखान्यात जायची वेळ झाली आहे. एकच जात असेल तर उशीर झालाय, पण तरी जा.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली पुडी. त्यातली सुपारी गालाच्या आतलं मऊ अस्तर आवळत नेते. आधी तिखट झोंबायला लागतं, मग गाल आतून चामड्यासारखा पांढुरका, ताठ होतो, मग पाणीपुरी तोंडात मावत नाही. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. पुष्कळांना वाटतं तंबाखू सोडून नुसती सुपारी खाल्ली तर चालतं. तोंड बंद करणारी मुख्यतः सुपारीच आहे. तंबाखू आणि चुना वरून आपापलं काम करतात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण आपल्या पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणाऱ्या खऱ्र्यानं ती जागा आरामात भरून काढली.

सुरुवातीला खर्रा सोडणं, गालात इंजेक्शनं आणि तोंड उघडायचा व्यायाम यावर भागतं. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत सरकवायच्या, आठवड्याला एक-दोन वाढवायच्या. पुढची पायरी ऑपरेशन. आतले ताठ पट्टे कापून तिथे दुसरीकडचं अस्तर लावतात. यात फसगत कुठे होते ते सांगतो : ऑपरेशननंतर काही महिने रोज तो व्यायाम केला नाही तर तोंड परत आवळतं. दुखतं म्हणून लोक सोडून देतात, आणि मग "ऑपरेशन फेल गेलं" म्हणत फिरतात. शिवाय या आजारात पुढे कॅन्सरचा धोका असतो, म्हणून तोंड उघडलं तरी ठरावीक महिन्यांनी दाखवत राहावं लागतं.

आता माझ्या चुलत काकांचं. गालात पांढरा चट्टा, दुखत नव्हता. डॉक्टरनी तुकडा तपासायला सांगितलं. काका म्हणाले, "सुई लावली का पसरते, कायले छेडाचं?" आठ महिने गेले. शेवटी तुकडा घेतला तेव्हा गालासोबत अर्धा जबडा काढावा लागला. तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही, थांबल्यानं पसरतो. काकांना हे आता कोणी सांगत नाही. ते वाटीतली आंबील चमच्यानं घेतात आणि पोरांना पानठेल्यावरून हाकलतात.

सोडायला मदत हवी असेल तर १८०० ११ २३५६ ही तंबाखू सोडवणारी सरकारी मोफत लाइन आहे. मी केला होता फोन. पहिल्या वेळी लाजून ठेवून दिला, दुसऱ्या वेळी बोललो.

४. निघायच्या आधी गावात हे करू नका

गाल शेकू नका. आम्ही विटेचा तुकडा गरम करून फडक्यात बांधला होता. बाहेरून शेकल्यानं आतला पू गालाकडे ओढला जाऊ शकतो, आणि बाहेर फुटला तर चेहऱ्यावर कायमचं छिद्र आणि वण. शेकायचंच तर आतून, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी.

दाढेत तंबाखू, गुल, लसूण, बॅटरीचं पाणी किंवा आणखी काही जालीम भरू नका. दुखीची गोळी गिळायची असते, हिरडीवर ठेवायची नसते. तिनं कातडी भाजते. मी हे केलं आहे, आणि डॉक्टरनी पहिला प्रश्न त्या पांढऱ्या डागाचाच विचारला.

अँटिबायोटिक दोन दिवस खाऊन बरं वाटलं की बंद, हे तर आपलं ठरलेलं. गोळी सूज उतरवते, सडलेली दाढ काही दुरुस्त करत नाही. बाजाराच्या दिवशी दात काढून देणाऱ्यांकडे किंवा डिग्रीचा पत्ता नसलेल्याकडे जाऊ नका. एकाच चिमट्यानं दहा तोंडं उघडली की कावीळ आणि बाकीचे जंतूही फिरतात. आणि "वरची दाढ काढली का नजर जाते" हे खोटं आहे. माझ्या आजीनं याच भीतीनं वीस वर्षं सडके खुंट तोंडात ठेवले. नजर गेली ती मोतीबिंदूनं.

५. कुठे जायचं

पहिली फेरी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात करा. तिथे दंतचिकित्सक असतील तर ते पाहून पुढची चिठ्ठी देतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. मेडिकल आणि डेंटल कॉलेजं वेगळ्या खात्याची, तिथे केस पेपर, एक्स-रे यांचं थोडंफार शुल्क पडतं. हा फरक माहीत नसल्यानं खिडकीवर वाद घालणारे मी पाहिलेत, त्यात एक मीच होतो.

मोठं काम असेल तर दंत महाविद्यालयं. नागपूरला मेडिकल चौकातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, १९६८ सालचं. रिक्षावाल्याला "डेंटल" म्हटलं की कळतं. मेयो आणि मेडिकल ही नागपुरातली दोन वेगळी सरकारी रुग्णालयं, उतरताना गोंधळ करू नका. वर्ध्याजवळ सावंगी मेघे इथे शरद पवार दंत महाविद्यालय आहे, यवतमाळकडच्यांना ते सोयीचं. अमरावतीत आणि नागपूरच्या हिंगणा रोडवरही खासगी दंत महाविद्यालयं आहेत. कॅन्सरची शंका असेल तर नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था.

कॉलेजात "शिकाऊ पोरं प्रयोग करतात" म्हणून लोक घाबरतात. माझं मत विचाराल तर उलटं आहे. तिथे शिकणारा असतो तसा मागे उभा राहून पाहणारा मास्तरही असतो, आणि आडव्या दाढा तिथे रोज निघतात. मात्र वेळ जातो. डबा नेलेला बरा.

खासगीत जात असाल तर आधीच विचारा : एक्स-रे, ऑपरेशन, औषधं आणि टाके काढणं मिळून किती? "पाहू नंतर" असं उत्तर आलं तर तुम्हीही तसंच म्हणून बाहेर पडा.

६. पिशवीत काय ठेवायचं

• आधार कार्ड आणि रेशन कार्ड, मूळ प्रत आणि दोन-दोन झेरॉक्स. दोन्हींवर नाव सारखं आहे का ते घरीच पाहा. "रामदास"चं एका ठिकाणी "रामदासजी" झालं असेल तर सरकारी आरोग्य योजनेच्या टेबलावर तास जातो.
• आधीचे सगळे कागद, एक्स-रेची फिल्म, तालुक्याच्या डॉक्टरची चिठ्ठी.
• रोजच्या गोळ्यांची पाकिटं. "पांढरी, बारीक, सकाळची" यावरून कोणालाच काही कळत नाही.
• सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी झाली असेल तर ते कार्ड.
• आधारशी जोडलेला मोबाइल नंबर, चार्जर.
• जुना टॉवेल, पाण्याची बाटली, चमचा.
• सोबत एक माणूस, ज्याला सही करता येते आणि ज्याला त्या दिवशी शेतात परत पळायचं नाही.

आता ती सरकारी योजना, म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल. साधी दाढ काढण्यासाठी ती नाही. जबड्याचं फ्रॅक्चर, कॅन्सर अशी मोठी कामं असतील तर विचारा. पूर्वी पिवळं-केशरी कार्ड लागायचं आणि आपल्याकडच्या पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्यांना सातबारा जोडावा लागायचा. २०२४ मध्ये ती सगळ्या कुटुंबांना खुली झाली आणि उपचारखर्चाची मर्यादा दीड लाखाची पाच लाख रुपये झाली. योजना कॅशलेस आहे. म्हणून पैसे भरायच्या आधी दवाखान्यात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जा, पैसे भरल्यावर नाही. तुमचं ऑपरेशन आणि तो दवाखाना यादीत आहे का, हे १५५३८८ वर आधीच विचारता येतं.

७. डॉक्टरपासून काय लपवायचं नाही

बीपी, शुगर, दमा, हृदयाचा त्रास, फिट, कावीळ, कोणत्या गोळीनं अंगावर पित्त उठलं होतं, सगळं सांगा. शुगर वाढलेली असेल तर जखम भरत नाही, म्हणून ती आधी आटोक्यात आणतात.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नका. शेजाऱ्याची पाच दिवस बंद केली होती म्हणून आपणही करायची, यात जीव जाऊ शकतो. बंद करायची का, किती दिवस, ते हृदयाचा आणि दातांचा डॉक्टर मिळून ठरवतात. पुष्कळदा बंद करावीच लागत नाही.

सिकलसेलचं मुद्दाम वेगळं सांगतो, कारण आपल्या पूर्व विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूर-गोंदिया-भंडाऱ्याकडे तो पुष्कळ घरांत सापडतो आणि लाजेनं लपवला जातो. सिकलसेलच्या रुग्णाला पाणी कमी पडलं, जंतुसंसर्ग झाला, थंडी वाजली तर दुखण्याचा झटका येऊ शकतो. डॉक्टरला माहीत असेल तर ते सलाइन, रक्ततपासणी, भरती याची तयारी ठेवतात.

बाई गरोदर असेल तर महिने सांगा. चौथा ते सहावा महिना दातांच्या कामाला त्यातल्या त्यात बरा. पण पू झाला असेल तर बाळंतपणापर्यंत थांबू नका. आणि खर्रा, दारू किती ते खरं सांगा. भुलीचं गणित त्यावर असतं. माझ्या बायकोसमोर मी "एखादी पुडी" म्हणालो होतो. तिनंच दुरुस्त केलं.

८. ऑपरेशनचा दिवस

शुक्रवार-शनिवारची तारीख शक्यतो घेऊ नका. रविवारी रक्त सुटलं तर ओपीडी बंद. पोळ्याच्या, लग्नाच्या आदल्या दिवसाचीही नको.

नुसती जागा बधिर करून करायचं असेल तर जेवून जा. सोमवारचा उपास धरून खुर्चीत बसलेली एक काकू माझ्यासमोर चक्कर येऊन घसरली. पूर्ण भूल द्यायची असेल तर उलट, निदान सहा तास आधीपासून अन्न बंद. साधं पाणी कधीपर्यंत, ते भूलतज्ज्ञ सांगतील. दोन्हींतलं नेमकं कोणतं, हे आदल्या दिवशी विचारून घ्या.

आधी अख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढतात, ओपीजी म्हणतात त्याला. हनुवटी टेकवून उभं राहायचं, मशीन डोक्याभोवती फिरतं, दुखत नाही. माझ्या फोटोत ती दाढ खाटेवर झोपल्यासारखी आडवी होती, तोंड शेजारणीच्या कुशीत. मॅडमनी पेनानं दाढेच्या मुळाखालची एक बारीक दुहेरी रेघ दाखवली. ती खालच्या ओठाला जाणारी नस. मुळं तिला चिकटून असतील तर नंतर ओठ-हनुवटी काही आठवडे, क्वचित कायमची, बधिर राहू शकते. सही घेतात ती अशाच गोष्टींसाठी. सही करायच्या आधी विचारा : माझी मुळं नसेपासून किती लांब आहेत?

मग इंजेक्शन. दुखणारा भाग म्हणाल तर तेवढाच, दहा-पंधरा सेकंद. पाच-दहा मिनिटांत अर्धा ओठ आणि अर्धी जीभ सुजल्यासारखी वाटते, सुजलेली नसते. हिरडी कापतात, थोडं हाड कोरतात, दाढेचे दोन-तीन तुकडे करून एकेक बाहेर काढतात, टाके घालतात. कट्ट असा आवाज कवटीत घुमतो. दाब कळतो, ढकलल्यासारखं वाटतं, पण चिरल्यासारखं दुखू नये. दुखलं तर डावा हात वर करा, ते थांबून आणखी औषध देतात. हात हलवून डॉक्टरचा हात धरू नका, तिथे ड्रिल चालू असतं.

एक अडचण तुमच्याही वाट्याला येऊ शकते. मी गेलो त्या दिवशी दाढ काढलीच नाही. सूज पुष्कळ आणि तोंड उघडत नव्हतं, म्हणून आधी चीर देऊन पू काढला, दोन रात्री सलाइनमधून औषधं दिली, मग दहा दिवसांनी बोलावलं. भाऊ चिडला, "काढाची होती तं काढून टाकाची ना जी!" भरल्या पुवात बधिर करायचं औषध नीट चालत नाही, म्हणून असं करतात. दुसरी फेरी टाळू नका. पू गेला की बरं वाटतं आणि नेमके इथेच लोक घरी बसतात.

९. परतीची एसटी आणि पुढचे सात दिवस

कापसाचा बोळा पाऊण तास घट्ट चावून धरायचा. वाटेसाठी दोन-तीन जास्तीचे मागून घ्या. थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, लाळ गिळायची. थुंकलं की जखमेवर धरलेली रक्ताची गाठ निघते आणि परत वाहतं. म्हणून एसटीत खिडकीची सीट घेऊ नका. मी घेतली, देवळीपर्यंत तीनदा थुंकलो, आणि वर्ध्यात थांबलेलं रक्त कळंबला परत सुरू झालं. तसं झालंच तर घाबरू नका. स्वच्छ बोळा दाबून अर्धा तास बसा. लाळेत मिसळलेलं थोडं रक्त खूप दिसतं. दाबूनही धार थांबत नसेल तर मात्र परत फिरा.

पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, फडक्यात गुंडाळून, दहा मिनिटं ठेवायचा, दहा मिनिटं काढायचा. घरी फ्रीज नसेल तर किराणा दुकानातून थंड पाण्याची पिशवी चालते. बधिरपणा दोन-चार तास राहतो. तोवर जेवू नका, ओठ चावला जातो आणि कळत नाही. लहान पोरांवर तर नजरच ठेवा. त्यानंतर गार-कोमट, मऊ : आंबील, ताक, गुरगुट्या भात-वरण, दुधात कुस्करलेली भाकर. स्ट्रॉ नको. तिखट आठवडाभर नको.

चोवीस तासांनी कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या, जेवणानंतर प्रत्येक वेळी. बाकीचे दात घासायचे, जखम सोडून. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग उतरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी कानापर्यंत ठणकायला लागलं आणि तोंडाला घाण वास आला, तर खाच कोरडी पडली आहे. गोळ्या वाढवत बसू नका, जा. ते धुऊन औषधाची पट्टी ठेवतात आणि लवकरच आराम पडतो. बिडी आणि खर्रा ओढणाऱ्या-खाणाऱ्यांना हे जास्त होतं. ताप, वाढती सूज, गिळताना त्रास असेल तर वरचा दुसरा मुद्दा परत वाचा.

सातव्या दिवशी टाके. काही टाके आपोआप विरघळतात. तुमचे कोणते ते निघतानाच विचारा, फुकटची फेरी वाचेल. एक्स-रेची फिल्म मागून घ्या आणि गादीखाली नाही, कपाटात उभी ठेवा.

माझी उजवी दाढही त्या फोटोत आडवीच होती. मार्चमध्ये कापूस आटोपल्यावर मंगळवारची तारीख घेतली, जेवून गेलो, दुपारी दोनला मोकळा झालो, आणि येताना मधल्या सीटवर बसून संध्याकाळच्या एसटीनं घरी.